कल्याणची तिकिटे, वज्रेश्वरीचे पाणी

गेल्या वर्षी आळे गावातल्या आमच्या जुन्या घराची मागची भिंत उतरवताना कोनाड्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. वडिलांची, म्हणजे तात्यांची, जमिनीची कागदपत्रे असतील म्हणून तो उघडला. वर सातबाराचे दोन उतारे होते, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या होत्या. तळाशी, वितळून चिकटलेल्या रबराखाली, जाड पुठ्ठ्याची छोटी सव्वीस तिकिटे होती. एका बाजूला सिनेनट-नट्यांची चित्रे, दुसऱ्या बाजूला छापील भविष्य आणि किलोचा आकडा. पूर्वी रेल्वे स्थानकांवर दिवे लुकलुकणारी, गरगर फिरणाऱ्या रंगीत चकतीची वजनाची यंत्रे असत, त्यातली ही तिकिटे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तात्यांनी शाईच्या पेनाने साल लिहिले होते आणि सालापुढे ‘जाता’ किंवा ‘येता’. १९७५ ते १९८७, तेरा वर्षे, वर्षाला दोन तिकिटे.

जाता-येता म्हणजे कुठे, हे मला विचारावे लागले नाही. तात्या दर पौषात, उन्हाळी कांद्याची लागण उरकली की, वज्रेश्वरीला जात. तिथल्या ऊन पाण्याच्या कुंडांत पाच दिवस अंघोळी करून परत येत. त्यांना सोरायसिस होता. अर्थात हे नाव घरात आले ते १९८८ साली. तोवर गावात कोणी त्याला गजकर्ण म्हणे, कोणी रक्त बिघडलंय म्हणे, आणि जे काहीच म्हणत नसत ते पंगतीत दोन हात लांब बसत.

मी भूगर्भशास्त्र शिकलेलो नाही आणि वैद्यकही नाही. बारावीनंतर आळेफाट्याच्या कांदा बाजारात एका आडतीवर हिशेबाला लागलो आणि आयुष्य काट्याजवळ गेले. पण वाचनाची खोड आणि प्रश्न न सोडण्याची खोड दोन्ही आहेत. त्या डब्याने एक जुना प्रश्न पुन्हा उभा केला. वज्रेश्वरीच्या पाण्याने तात्यांना गुण येत होता का? आणि येत नव्हता, तर ते तेरा वर्षे का जात राहिले? हा लेख म्हणजे त्या प्रश्नामागे वर्षभर केलेली पायपीट आहे.

घाट उतरल्यावर

आळेफाट्यावर नाशिक-पुणे आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. कल्याणच्या दिशेची एसटी धरली की ओतूर, मढ, मग माळशेज घाट. घाट उतरून टोकावडे, मुरबाड, कल्याण. तिथे गाडी बदलून भिवंडी, अंबाडी आणि वज्रेश्वरी. मी तात्यांबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पहाटे आळ्यात तोंडातून वाफा निघत होत्या. दुपारी तानसा नदीच्या काठी, अकलोलीच्या कुंडात पाय घातला आणि ओरडून मागे घेतला. पृथ्वीच्या पोटात कुणीतरी चूल पेटवली आहे, याबद्दल त्या दिवशी माझी खात्री पटली.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही सगळी तानसाच्या खोऱ्यातली जवळजवळची गावे. देवीचे मंदिर वडवली गावात टेकडीवर आहे. बावन्न पायऱ्या चढून वर गेले की देवळापेक्षा किल्ल्याचा दरवाजा वाटावा असे प्रवेशद्वार लागते. त्यालाही कारण आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी या मुलखात तळ दिला असताना देवीला नवस केला, आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतल्यावर हे मंदिर उभे राहिले, अशी परंपरा आहे. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये हे ठिकाण ‘वज्राबाई’ या नावाने येते. गणेशपुरीला १९३६ च्या सुमारास स्वामी नित्यानंद येऊन राहिले. १९६१ साली तिथेच त्यांची समाधी झाली आणि त्यांच्यामुळे ते गाव देशाबाहेरही माहीत झाले. पण त्याही आधीपासून लोक येत होते ते पाण्यासाठी. देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजे हे ऊन पाणी, अशी कथा सांगतात.

तात्या दैत्यांची कथा सांगत नसत. ते म्हणत, ‘‘खाली गंधकाच्या खाणी हैत. गंधक तापतोय म्हणून पाणी तापतंय, आन् गंधक हाय म्हणून कातडीला गुण येतोय.’’ हे एकट्या तात्यांचे मत नव्हते. आजही कुंडावर कोणालाही विचारा, दहातले आठ जण हेच सांगतील. मीही वयाच्या पंचविशीपर्यंत हेच सांगत होतो.

गंधकाची बादली

आमच्या भागात, नारायणगाव-जुन्नरकडे, द्राक्षबागा आहेत. वेलीवर भुरी पडली की गंधक मारतात, त्यामुळे गंधक आम्हाला अपरिचित नाही. पंचविशीत एकदा एका बागाईतदार मित्राकडून मूठभर भुकटी आणली, रात्री बादलीभर पाण्यात टाकली आणि ढवळली. भुकटी वर तरंगत राहिली. सकाळी बादलीत बोट घातले तर पाणी रात्रीपेक्षा गार. गंधक पाण्यात नीट विरघळत नाही, पाण्यात जळत तर मुळीच नाही. गंधक पेटायला हवा लागते आणि आधी कोणीतरी काडी लावावी लागते. पाण्याखाली बसून स्वतःहून धुमसत राहणे हा त्याचा स्वभाव नव्हे.

मग कुंडावर वास येतो तो कशाचा? तो शुद्ध गंधकाचा नसून हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. कुजक्या अंड्यांना येतो तोच. खोल, हवा नसलेल्या जागेत पाण्यातल्या सल्फेटपासून किंवा खडकातल्या गंधकयुक्त खनिजांपासून तो तयार होऊ शकतो आणि पाण्याबरोबर वर येतो. आपले नाक या वायूच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे. हवेच्या अब्जावधी भागांत त्याचे काही मोजके भाग असले तरी ते ओळखते. म्हणून वास जोरात आला म्हणजे गंधक भरपूर आहे असे होत नाही. बाजारात एक सडका कांदा अख्ख्या वखारीला वास लावतो, पण म्हणून वखार सडलेली नसते.

थोडक्यात, ऊन पाणी आणि गंधकाचा वास एकत्र येतात, पण त्यातले एक दुसऱ्याचे कारण नाही. दोघेही एकाच बिऱ्हाडातून आलेले आहेत.

बोरीची राख

गंधक नव्हे तर खाली ज्वालामुखी असेल, हा दुसरा अंदाज. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्याचाच आहे हे शाळेत शिकवतात, त्यामुळे तो सहज सुचतो. इथे मला माझ्याच तालुक्यातले एक उदाहरण फार उपयोगी पडले.

आळेफाट्यापासून जवळ, कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. तिथल्या नदीकाठच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा पट्टा सापडला. त्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली, त्यामुळे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्याचा पुष्कळ अभ्यास केला. मी प्रथम हे ऐकले तेव्हा मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगत सुटलो की कुकडीकाठी ज्वालामुखी होता. नंतर नीट वाचले. ती राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची आहे. टोबाचा सर्वांत मोठा उद्रेक सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचा. बोरीची राख त्या उद्रेकाची की त्याहून जुन्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत वाद झाला, पण ती इथली नाही. वाऱ्यावर हजारो किलोमीटर आली, खाली बसली, पुराच्या गाळाखाली झाकली गेली.

त्या राखेने मला एक धडा दिला. वस्तू जिथे सापडते तिथेच तिचे कारण असते असे नाही. ऊन पाणी अकलोलीला सापडते, म्हणून चूल अकलोलीखालीच असली पाहिजे असे नाही.

आणि आपल्या लाव्ह्याचे म्हणाल, तर दख्खनचे ते थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतले गेले. चुलीतली राख किती वेळ ऊन राहते? लाव्ह्याचा थर जाड असला तर तो निवायला वर्षे लागतील, शतकेही लागतील. कोटी वर्षे नाही. ती ऊब केव्हाच आभाळात गेली.

ऊन पाणी कुठून येते

खरे उत्तर ऐकायला साधे आहे. जमिनीत जितके खोल जावे तितके ऊन वाढते. कुठेही खणा, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस. ही पृथ्वीच्या पोटातली ऊब आहे. काही तिच्या जन्मापासूनची, काही खडकांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांपासून सतत निर्माण होणारी. आळ्यातल्या माझ्या घराखालीही ती आहे. वज्रेश्वरीत वेगळे आहे ते ऊन नव्हे, वाट वेगळी आहे.

पावसाचे पाणी खडकातल्या भेगांतून खाली उतरते. बहुतेक ठिकाणी ते शे-दोनशे फुटांवर अडते आणि आमच्या विहिरी-बोअरना मिळते. पण काही जागी भेगा फार खोल जातात. तिथे पाणी दीड-दोन किलोमीटर किंवा त्याहून खाली जाते, खडकाची ऊब घेते आणि दुसऱ्या एखाद्या भेगेने वर येते. वर येताना वाट मोकळी आणि सरळ असेल तर पाणी निवायला वेळच मिळत नाही. उतरताना सावकाश, चढताना घाईत, असा त्याचा प्रवास आहे. खोल उतरलेल्या त्या पाण्याने खडकांतले क्षारही बरोबर घेतलेले असतात, म्हणून कुंडाचे पाणी जिभेला मचूळ लागते.

ही भेगांची वाट कोकणात आहे. कोकणपट्टीत सह्याद्रीच्या पायथ्याला समांतर, पालघरपासून राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात अठरा ठिकाणी मिळून साठेक ऊन झरे नोंदलेले आहेत. पश्चिम किनारा घडताना तिथला खडक वाकला आणि तडकला, त्या तडांच्या रांगेवर हे झरे बसले आहेत. नकाशावर टिंबे मांडली की माळेसारखी ओळ दिसते. सातिवली, गणेशपुरी, अकलोली, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, दापोली तालुक्यातले उन्हवरे, संगमेश्वराकडची आरवली, तुरळ, राजवाडी, आणि शेवटी राजापूरचे उन्हाळे. त्यांतले उन्हवऱ्याचे पाणी सर्वांत कडक, ७० अंशांच्या आसपास. त्यात अंघोळ करायची तर आधी निववावे लागते.

गावांची नावे पाहिलीत? उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. खानदेशात चोपडा तालुक्यात उनपदेव आहे, नांदेड जिल्ह्यात किनवटजवळ उनकेश्वर आहे. ऊन म्हणजे उष्ण. आपल्या पूर्वजांनी तापमापक नसताना ही नोंद गावाच्या नावातच करून ठेवली. त्यांनी पाहिले ते ऊन. या एकाही नावात गंधक नाही.

मग जुन्नर तालुक्यात एकही ऊन झरा का नाही? आम्ही पठारावर, त्या तडांच्या रांगेच्या बाहेर आहोत. शिवाय पाणी वर यायला मागून दाब लागतो. उंचावर पडलेला पाऊस खोल उतरतो आणि त्याच्या भाराने सखल जागी पाणी वर ढकलले जाते. सह्याद्री उंच आणि कोकण सखल, म्हणून झरे घाटाखाली. या झऱ्यांच्या पाण्याची समस्थानिके तपासून शास्त्रज्ञांनी दाखवले आहे की ते मूळचे पावसाचेच पाणी आहे. माळशेजचा पाऊसच अकलोलीला फुटतो असे मात्र मी म्हणणार नाही.

एक गोष्ट मला फार आवडली. पाणी किती खोल जाऊन आले हे कोणी उतरून पाहिलेले नाही, तरी त्याचा अंदाज करता येतो. ऊन पाणी खडकातली सिलिका विरघळवते, आणि जितके ऊन अधिक तितकी सिलिका अधिक. पाणी झपाट्याने वर आले तर ते निवते, पण विरघळलेली सिलिका लगेच बाहेर पडत नाही. म्हणून वरच्या पाण्यातली सिलिका मोजली की खालचे तापमान कळते. पाण्याने खालून आणलेली ती जणू वजनाची चिठ्ठीच. कोकणातल्या झऱ्यांच्या अशा चिठ्ठ्या वाचून शास्त्रज्ञ सांगतात की खालचे पाणी वरच्यापेक्षा पुष्कळ अधिक ऊन असले पाहिजे.

झऱ्यापाशी नाणी

इथे मी चिठ्ठ्यांकडे, म्हणजे तात्यांच्या तिकिटांकडे येतो. पण आधी एक जोडप्रश्न. लहानपणी वज्रेश्वरीच्या रस्त्यावर मला कुंडापेक्षा दुसऱ्याच गोष्टी आठवतात. छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडायची टपरी, साबणवडीवर कडी फेकायचा खेळ, पेटीच्या भोकाला डोळा लावून पाहायचा बायस्कोप. देवीची जत्रा चैत्र वद्य चतुर्दशी-अमावास्येला. तेव्हा तर पाळणे लागत. पण पौषातही दोन-चार टपऱ्या असत. आजारी माणसांच्या वाटेवर खेळ कशाला?

वाचत गेलो तसे कळले की ही रीत आपल्यापुरती नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात मॅनिटू स्प्रिंग्ज नावाचे गाव १८७२ साली वसले, तेही झऱ्यांसाठीच. तिथले पाणी ऊन नाही, गार आहे, पण नैसर्गिक सोड्यासारखे फसफसणारे. त्या गावात नाणे टाकून चालणाऱ्या जुन्या खेळयंत्रांचे दालन आजही चालू आहे. झरा आणि खेळ शेजारी-शेजारी. इंग्लंडमधल्या बाथ गावाचा झरा ४६ अंशांचा, रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी देणारा. ते पाणी म्हणजे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पडलेला पाऊस, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या झऱ्यात रोमन लोकांनी टाकलेली बारा हजारांवर नाणी सापडली, आणि शिशाच्या पत्र्यांवर कोरलेले सुमारे १३० शाप. बहुतेक शाप चोरांना दिलेले, कुणाचा अंगरखा अंघोळीच्या वेळी चोरीला गेला म्हणून!

माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण साधे आहे. पाण्याचा उपचार लांबतो. अंघोळ अर्ध्या तासाची, दिवस मात्र बारा तासांचा. घरदार सोडून आलेला माणूस, खिशात थोडी चिल्लर, मनात एकच विचार की मला बरे वाटेल का. त्याला देवळापुढे नाणे टाकावेसे वाटते, खेळात टाकावेसे वाटते, आणि भविष्य सांगणाऱ्या यंत्रात तर नक्कीच. १८८० च्या दशकात युरोपात नाणे टाकून वजन करण्याची यंत्रे आली, ती रेल्वेबरोबर जगभर पसरली. आपल्याकडे त्यांना भविष्याची जोड मिळाली.

यंत्राची रचना साधी. उभे राहायच्या पाटाखाली तरफा असतात, त्या भार स्प्रिंगपर्यंत नेतात. स्प्रिंग जितकी ताणते तितके आकड्यांचे चाक फिरते. नाणे पडले की कळ सुटते, चाकाचा ठसा तिकिटावर उठतो आणि तिकीट खाली पडते. भविष्य आधीच छापलेले, गठ्ठ्यात पुढचे जे असेल ते. वजनाशी त्याचा काही संबंध नाही. नऊ वर्षांच्या मला मात्र वाटले होते की यंत्र पायांवरून माणूस ओळखते. ते यंत्र कल्याण स्थानकाच्या तिकीटघराजवळ होते. एसटी बदलताना तात्या तिथे जात आणि चपला काढून पाटावर चढत. देवळात चढावे तसे.

सव्वीस तिकिटे

आता हिशेब. आडतीवर पट्ट्या जुळवण्याची सवय, म्हणून मी तिकिटे टेबलावर जोड्यांनी मांडली. पहिली जोडी, १९७५. जाता ६२ किलो, येता ६३. पुढची, जाता ६२, येता ६३. तेरा जोड्यांपैकी अकरांत येतानाचे वजन किलो-दीड किलोने अधिक. एका वर्षी तितकेच. एका वर्षी कमी, आणि त्या तिकिटावर तात्यांनी ‘ताप’ असे लिहिले आहे.

तात्यांचा भरवसा कशावर होता ते मला तिथे कळले. ते दरवर्षी पुरावा बरोबर घेऊन येत होते. पाच दिवसांत वजन वाढले, म्हणजे पाणी लागू पडले.

काट्याजवळ आयुष्य गेल्याने मला शंका घेता येते. स्थानकावरच्या यंत्रात अर्धा किलो इकडे-तिकडे होणे काहीच नाही. जाताना पहाटेचे निघालेले उपाशी पोट, येताना दुपारचे जेवण आणि न वाळलेल्या कपड्यांची पिशवी खांद्यावर. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे विश्रांती. वर्षातले तेवढेच पाच दिवस तात्या वाफ्यात वाकत नव्हते, रात्री मोटर चालू करायला उठत नव्हते, दोन वेळा वेळेवर जेवत होते. असा कोणीही माणूस किलोभर भरेल.

मग मी जोड्या मोडल्या आणि फक्त ‘जाता’ची तिकिटे एका ओळीत लावली. ६२, ६२, ६१, ६१, ६०... शेवटचे, १९८७ चे, ५१. बारा वर्षांत अकरा किलो.

मी बराच वेळ टेबलाशी बसून राहिलो. प्रत्येक जोडी चढ दाखवत होती आणि सगळी ओळ उतरत होती. दोन्ही एकाच डब्यात, एकाच हस्ताक्षरात होते. तात्यांनी जोड्या पाहिल्या, ओळ पाहिली नाही. आम्हीही कोणी पाहिली नाही. मी तर सतरा वर्षांचा, गणितात पहिला येणारा मुलगा होतो.

त्या वर्षांत त्यांची बोटे सुजू लागली होती. सकाळी मूठ वळत नसे, खुरपे धरवत नसे. गावात सगळ्यांनी, आणि एका वैदूनेही, सल्ला दिला तो एकच. वज्रेश्वरीला पाच दिवस कमी पडतात, दहा दिवस राहा. १९८८ च्या उन्हाळ्यात मामांनी त्यांना जवळजवळ ओढत पुण्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी बोटे पाहिली, नखांवरचे खड्डे पाहिले, पाठ पाहिली आणि सांगितले की कातडीचा आणि सांध्यांचा रोग एकच आहे. सोरायसिसच्या काही रोग्यांत शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा सांध्यांवर उलटते. हा रोग संसर्गाने होत नाही, ‘‘पंगतीत शेजारी बसा, एका ताटात जेवा, काही होत नाही,’’ हेही त्यांनी सांगितले. गोळ्या सुरू झाल्या. दुखणे थांबले, वजन सावरले. पण वाकलेली बोटे वाकलेलीच राहिली. सांध्याची हानी झाली की औषध ती थोपवते, भरून काढत नाही. चार-पाच वर्षे आधी गेलो असतो तर, हे वाक्य आमच्या घरात कोणी पुरे केले नाही.

पाण्यावर अन्याय नको. ऊन पाण्याने आखडलेले सांधे तेवढ्यापुरते मोकळे होतात, जाड खपल्या मऊ होऊन सुटतात. गंधक तर त्वचेच्या काही मलमांतही वापरतात. सोरायसिसच्या रोग्यांना जगभर झऱ्यांच्या आणि खाऱ्या पाण्याच्या अंघोळींनी काही काळ आराम पडतो. तात्या परत येत तेव्हा त्यांची पाठ खरेच निवळलेली दिसे, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. फसवणूक पाण्याने केली नाही. आराम म्हणजेच उपचार, असे आम्ही धरून बसलो आणि आतला रोग आपले काम करत राहिला.

कुंडात

इथे लेख संपला असता. पण दुसरा प्रश्न उरतो. तात्या हुशार शेतकरी होते. एका हंगामात न उगवणारे बी ते दुसऱ्या हंगामात घेत नसत. मग तेरा वर्षे?

तिकिटांची ओळ मी आईला दाखवली. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तिने आकडे पाहिले नाहीत. म्हणाली, ‘‘तू लहान होतास, तुला काय ठावं. तुझ्या तात्यांनी गावात कधी सदरा काढला का?’’

मी आठवू लागलो. विहिरीवर पोहायला सगळे जात, तात्या काठावर बसत. ज्येष्ठात नांगरट करतानाही लांब बाह्या. न्हाव्याकडे ते जात नसत, आईच घरी केस कापी. जत्रेच्या गर्दीतही ते वज्रेश्वरीला कधी गेले नाहीत, पौषच निवडला.

यंदा पौषात मी एकटा तिकडे गेलो. मुद्दाम एसटीने, कल्याणला गाडी बदलून. तिकीटघराजवळ ते यंत्र आता नाही. अकलोलीला कुंडाच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. सूर्य, चंद्र, अग्नी अशी नावे असलेली ती कुंडे, पाण्यावर वाफ. एक म्हातारा आला, सदरा काढून नीट घडी घालून ठेवला. त्याच्या पाठीवर कोड होते. दुसऱ्याच्या पायांना गाठी होत्या. एका तरुणाच्या कोपरांवर तात्यांसारख्याच चंदेरी खपल्या. कोणी कोणाकडे पाहत नव्हते, कारण पाहण्यासारखे सगळ्यांकडेच होते. तो तरुण गळ्यापर्यंत बुडाला, डोळे मिटले आणि शेजारच्या म्हाताऱ्याशी कांद्याच्या भावाबद्दल बोलू लागला.

मला पाण्याची खोली कळली होती, उष्णता कुठून येते ते कळले होते. तात्या कशासाठी येत होते ते मात्र मला त्या पायरीवर कळले.

निघताना मी त्या तरुणाजवळ गेलो. आगाऊपणा वाटला तरी विचारले, सकाळी बोटे आखडतात का? तो चमकला, मग हो म्हणाला. मी त्याला सांगितले की इथे येत राहा, पण सांध्यांच्या डॉक्टरला एकदा दाखव, दोन्ही चालते. त्याने नाव लिहून घेतले. डॉक्टरचे नव्हे, रोगाचे. माझ्याच पेनाने, एसटीच्या तिकिटाच्या पाठीवर.